कासवाच्या घरट्याचे रक्षण

‘खाडीच्या मुखाजवळील निर्जन बेटावर कासवाचे घरटे आढळले व सदस्यांनी तहान विसरून त्याचे रक्षण केले,’ असे आमच्या निसर्गमंडळाचा अहवाल म्हणतो. यातले बेट तेवढे खरे आहे.

मे महिन्यातल्या त्या वाळूवर सावलीला झुडूपही नव्हते. होडी संध्याकाळच्या भरतीलाच येणार होती आणि चालून चालून सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. अध्यक्ष टिल्लू आदल्या दिवशी वाटेची पाहणी करून गेले होते. एका उंचवट्याभोवती त्यांनी दोरीही बांधली होती.

“आत अंडी आहेत. लांबूनच बघा,” ते कुजबुजले.

आम्ही सुशिक्षित मंडळी चवड्यांवर, जवळजवळ हात जोडून, पुढे सरकलो. कासवीण चपला घालून किनाऱ्यावर येत नाही, एवढे माझे वाचन आहे. मी दोरीच्या आतल्या ठशांकडे बोट दाखवले.

“प्राध्यापक, इथे तरी तळटिपा नकोत,” टिल्लू म्हणाले.

भोवळ येऊ लागलेल्या सुमतीबाई गद्रे मात्र दोरी ओलांडून खाली बसल्या. त्यांनी वाळू बाजूला केली आणि आतल्या हिरव्यागार पाठीवर, बाजारात मारतात तशी, टिचकी मारली.

“अध्यक्ष, अंडं पिकलंय,” त्या शांतपणे म्हणाल्या. “सुरी आहे का कुणाकडे?”

सुरी टिल्लूंच्याच खिशातून निघाली. तिच्यासोबत मिठाची पुडीही. अहवालाने गाळलेले त्यांचे निवेदन येथे शब्दशः देतो:

“काल गारव्याला पुरून ठेवलं होतं. कलिंगड एकच, माणसं बावीस. उगाच भांडणं झाली असती.”