लॉक केलेलं चॅनेल

ओहायोत एकटा राहणारा म्हातारा डेल्बर्ट दिवसभर एकच बातम्यांचं चॅनेल लावून बसायचा. तिथं ऐकलेलंच तो बोलून दाखवायचा, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवरून त्याची लेक जनेल रोज संध्याकाळी शिकागोहून फोन करून त्याच्याशी कडाकडा भांडायची. सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा तो अंगणात बर्गर भाजत असताना तिनं गुपचूप ते चॅनेल लॉक करून टाकलं. भांडणंच संपली.

नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती पुन्हा आली, तर डेल्बर्टनं रिमोट तिच्या हातात दिला. "एवढं ते बातम्यांचं चॅनेल लावून दे ना गं."

"केबलवाल्यांचा घोळ असेल," ती नजर चुकवत म्हणाली. "आणि डॅड, निवडणूक झाली की! आता कशाला हवी त्या चॅनेलवाल्यांची बोंबाबोंब?"



"मला कुठं हवीय? पण ते चालू होतं ना, तेव्हा तुझा रोज फोन यायचा."