मगरीच्या घरट्याचा पंचनामा

“दासगावच्या काठावर मगरीचं एकही घरटं आढळलं नाही.” वाळूच्या ठेकेदाराने दिलेला अहवाल सुनावणी घेणाऱ्या प्रांतसाहेबांनी वाचला आणि मिटला. “तुमच्याकडे काही पुरावा आहे?”

नदी बचाव समितीचा किशोर फाइल चाळू लागला. फाइलमध्ये नकाशे होते, फोटो होते, वर्तमानपत्रांची कात्रणं होती. घरटं नव्हतं.

साळूबाई सगळ्यांच्या मागे, जमिनीवर बसली होती. सुनावणीला गर्दी दिसावी म्हणून समितीने कातकरीवाडीतल्या बारा बाया टेम्पोतून आणल्या होत्या. हातात फलक दिले होते. त्यांवर काय लिहिलंय, ते कुणी सांगितलं नव्हतं. सावित्री नदीत जाळं टाकण्यात साळूबाईचा जन्म गेला होता. मुंबईचे पाहुणे आले की समिती तिला नाचायला बोलवायची. सभेला कधीच नाही.

उद्या सकाळी वाळू उपसायचे पंप सुरू होणार, एवढं तिला कळलं. ती उठली.

“तीन हायेत, सायब. चला, दावते.”

“साळूबाई, खाली बसा,” किशोर घाईने म्हणाला. “मी बोलतोय ना.”

“तू बोल रे. मी दावते.”

लोक हसले. साहेब मात्र उठले.

काठावर एप्रिलचं ऊन पेटलं होतं. साळूबाई अनवाणी पुढे, बाकी सगळे मागे. एका करंजाखाली ती थांबली. उकिडवी बसून तिने वाळू चाचपली, वीतभर उकरली. आत पांढरीशुभ्र अंडी होती. मोबाइल काढून दोघेतिघे पुढे सरसावले.

“मागं सरा,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “आय बघतेय.”

पाण्यावर दोन डोळे होते. सगळे जागच्या जागी थिजले. साळूबाईने अंडी होती तशी झाकली आणि मगरीकडे पाठ न करता, सावकाश, मागे आली. उरलेली दोन घरटी तिने लांबूनच दाखवली.

साहेबांनी तिथेच पंचनामा लिहायला घेतला. वाळूउपसा थांबवल्याची ओळ त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. साळूबाईचा ऊर भरून आला. चाळीस वर्षं तिला जे ठाऊक होतं, ते आज पहिल्यांदा कागदावर उतरत होतं.

“बाई, तुम्ही समितीच्या कोण?” साहेबांनी विचारलं. “पद काय लिहू?”

किशोर पुन्हा फाइल चाळू लागला. समितीच्या एकवीस सभासदांत वाडीतलं एकही नाव नव्हतं.

साळूबाईने पदर नीट केला.

“मी नदीची हाय, सायब. समिती माझी कोन लागते, ते यांना इचारा.”