महिनाभराचं मलम

अण्णांच्या पाठीवर, नेमका स्वतःचा हात पोचत नाही तिथे, गजकर्ण उठलं. तेव्हापासून त्यांची लेक रोज सकाळी प्रयोगशाळेत जाताना वाट वाकडी करून यायची, मलम चोळायची आणि चोळता चोळता साहेबाच्या नावाने बोटं मोडायची. दिवसभरात घरात तेवढाच काय तो आवाज.

आज ती नाचतच आली. "अण्णा, जमलं आमचं मलम! डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या बारीक कुप्या आहेत यात. त्यांतून औषध हळूहळू झिरपत राहतं. एकदा लावलं की महिनाभर बघायला नको."

"म्हणजे रोजची कटकट गेली म्हण की!"

"तुमची सुटका आणि माझीही!" ती हसली. अण्णाही हसले. पोरीने नाव काढलं म्हणून त्यांची छाती खरोखरच फुगली होती.

तिने पाठीवरून एकदाच हात फिरवला, बोटं पुसली, आणि निघताना दारातून बजावलं, "फक्त ओलं बनियन घालू नका हं. मग कुठलंच औषध चालायचं नाही. बुरशीला ओल म्हणजे माहेर!"

जिन्यावरची तिची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत अण्णा दारात उभे राहिले.



मग आत आले, अंगातलं कोरडं बनियन काढून नळाखाली धरलं, पिळलं आणि तसंच पुन्हा अंगात घातलं.