नाहरकत

सलग तिसऱ्या रविवारी बैठक एकाच नावावर अडली होती. कबड्डी मंडळाच्या भिंतीवर यंदा तुळशीरामचा फोटो लावायचा की नाही?

"चढाईत त्याचा हात कुणी धरणार नाही," अध्यक्ष म्हणाले, "पण एक हंगाम तो समोरच्या मंडळाकडून खेळला. मंडळ सोडणाऱ्याचा फोटो आपण लावत नाही."

मी सेक्रेटरी. पावसाळ्यात सामने नसले की कोण कुठल्या मंडळात जाणार आणि भिंतीवर कुणाला घेणार, यावरच आमची माणसं तोंडाची कबड्डी खेळतात. तीस वर्षं ते सगळं लिहून घेऊन मी कंटाळलो होतो. पेन ठेवलं, जुनी फाईल काढली आणि एक कागद अध्यक्षांपुढे सरकवला. तुळशीरामचा नाहरकत दाखला. समोरच्या मंडळाचे दोन तगडे पकडपटू हवेत म्हणून आम्हीच त्याला बदल्यात दिला होता. खाली सही माझी.

"तो गेला नव्हता. आपण घालवला," मी म्हणालो. "इतकी वर्षं मी गप्प बसलो."

फोटो मंजूर झाला.

ज्याच्यावर चर्चा, त्याने बाहेर थांबायचं, अशी आमची रीत. तुळशीराम पायरीवर बसला होता. मी निकाल सांगितला.

"बाद झालेला गडी बाहेरच बसतो," तो म्हणाला. "आपल्यातल्या कुणी समोरचा मारला, तरच आत येतो."

मी हात पुढे केला. त्याने तो धरला, पण उठला नाही.

"फार वेळ बसवलंस रे. आता गुडघे उठू देत नाहीत."