नानांचा पाचवा पेला

पाऊस मोजायचं यंत्र माझ्या नवऱ्याने, भूपेंद्रने, नानांसाठी आणलं. मोजायचा डबा घराच्या सपाट छतावर, धाब्यावर, आकडा स्वयंपाकघरातल्या छोट्या स्क्रीनवर, मधे वायर नाही. "रत्ना, कितलं पाणी पडनं?" सासरे रोज सकाळी खाटेवरून विचारायचे आणि मी आकडा वाचून दाखवायचे.

मग त्यांची किडनी गेली. डॉक्टरांनी दिवसाला चारच पेले पाणी सांगितलं. तेही मीच मोजलं. पिऊन झालं की नाना पेला उपडा ठेवायचे. शेवटच्या दिवशी त्यांनी पाचवा मागितला. मी दिला नाही.

त्यांच्यानंतरची ही पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पितरांसाठी भरतात तशी नवी घागर मी त्यांच्या नावाने काठोकाठ भरली, पुजली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं.

दुपारी ऊन रणरणत असताना स्क्रीनवर पाऊस दिसायला लागला. एक मिलिमीटर. मग दोन.

धाब्यावर गेले तर पाय पोळले. डबा कोरडा ठणठणीत होता.

खाली आले तोवर आकडा सहावर गेला होता. घागरीवरचं डांगर उचललं. पाणी चार बोटं उतरलं होतं. खालची फरशी मात्र कोरडी.

मी नानांचा पेला काढला, भरला आणि घागरीजवळ ठेवला.

"पी ल्या, नाना," मी म्हणाले. "आज कोन्ही मोजत नही."

आणि खरंच कोणी मोजू नये म्हणून स्क्रीन भिंतीकडे फिरवली. तेवढीच पाठ वळली माझी.

पेला उपडा होता.