सीलबंद प्रत

दादाच्या तेराव्याला वहिनीनं माझीच रेकॉर्ड माझ्या हातात ठेवली. बँड सोडून मी एकटीनं काढलेला पहिला अल्बम, शंभरच प्रती. पहिली दादाला पाठवली होती, आमच्या बँडच्या ड्रमरला.

"कुणाला हात लावू द्यायचे नाहीत," वहिनी म्हणाली. "प्लास्टिक फाडलं की किंमत गेली, म्हणायचे. गाणी मोबाइलवरच ऐकायचे."

"आणि माझ्याबद्दल?"

"भांडणानंतर तिनं एक ओळ तरी लिहायची होती, एवढंच."

मी नखानं प्लास्टिक फाडलं. सील होण्याआधी आत सरकवलेली माझी चिठ्ठी खाली पडली. वहिनीनं ती मोठ्यानं वाचली.

"दादा, चुकलं माझं. शेवटचं गाणं ड्रम्सशिवाय ठेवलंय. ये आणि वाजव."

वहिनीनं चिठ्ठी टेबलावर ठेवली. "त्याच गाण्याला रोज टेबलावर ठेका धरायचे गं ते."