सापाचे बाबा

मुलगी दगडापुढं आडवी पडली होती आणि तिच्या पापण्या मिटत चालल्या होत्या.

इंदिरा काळमेघ गाडीतून उतरली. तिच्या हातात पाण्याचा डबा आणि घासायचा ब्रश होता. दरवर्षी वडिलांच्या पुण्यतिथीला ती शहरातल्या चेरीतालहून पाटन रस्त्यावरच्या, त्यांच्या आठवणीच्या या दगडापाशी यायची, तो धुवायची, त्यावरची अक्षरं घासून साफ करायची. मधली तीन वर्षं गुडघ्यांमुळं जमलं नव्हतं. या खेपेस भाचा विपुल रिछाईच्या कारखान्यातून रजा काढून तिला घेऊन आला होता.

अक्षरं दिसतच नव्हती. दगडाला वरपासून खालपर्यंत शेंदूर थापला होता. शेजारी लाल झेंडा रोवला होता.

"क्या हुआ इसको?" तिनं विचारलं.

"साँप ने काटा है," मुलीच्या उशाशी बसलेला बाप म्हणाला. "बाबा जहर खींच लेंगे. साँप के बाबा हैं."

इंदिराचे वडील शालिग्राम काळमेघ तालुक्याच्या जनपद पंचायतीवर निवडून आलेले. चाळीस वर्षांपूर्वी या पट्ट्यात साप चावला की माणसाला आधी ओझाकडं मंतरायला नेत आणि तिथून मसणात. शालिग्रामजी गावोगाव फिरले. ओझांच्या शिव्या खाल्ल्या, दगडही खाल्ले. एकोणीस दिवस उपोषणाला बसले तेव्हा कुठं इथून चार किलोमीटरवर सरकारी दवाखाना उघडला आणि त्यात सापाच्या विषावरची लस आली. ते गेल्यावर त्या लसीनं जगलेल्या लोकांनीच हा दगड उभा केला. त्यावर कोरलं होतं, 'झाड़-फूँक नहीं, इलाज.'

"ये मेरे पिताजी हैं," ती म्हणाली. "अस्पताल इन्होंने ही खुलवाया. गाड़ी खड़ी है, लड़की को उठाओ."

बापानं तिच्याकडं निरखून पाहिलं. "आप बेटी हैं? तो बाबा से पूछ दीजिए. बिना हुकुम के उठाया तो बाबा छोड़ेंगे नहीं."

"आत्या, पाहून काय राहिल्या? उचलून नेऊ तिला," म्हणत विपुल वाकला. त्याबरोबर चार माणसं उठून उभी राहिली. एकाच्या हातात लाठी होती.

मुलीच्या ओठांच्या कडेनं लाळ गळायला लागली. तिला ती गिळता येत नव्हती.

इंदिरानं एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. लहानपणी बाजारात कुणाच्या अंगात आलेलं दिसलं की वडील तिचा हात धरून तिला दूर न्यायचे. तेव्हा जे अर्धवट पाहिलं होतं, तेच तिनं आता आठवलं. डबा खाली ठेवला. अंबाडा सोडला. दगडापुढं बसून ती घुमायला लागली. घशातून जाडा, पुरुषी आवाज काढून म्हणाली, "अस्पताल ले जा. मैं वहीं बैठा हूँ."

माणसांनी जमिनीला डोकं टेकलं आणि मुलीला गाडीत घातलं.

मुलगी वाचली. तिचं नाव ज्योती. तिसऱ्या दिवशी तिनं जेवायला मागितलं, असं दवाखान्यातल्या नर्सनं फोनवर सांगितलं. पण इंदिराला घास गोड लागेना.

"तुम्ही काहून मनाला लावून घेता?" विपुल म्हणाला. "पोरगी तर जगली न."

"तुझ्या आजोबांनी मला थोबाडीत मारली असती," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी तिनं त्याला पुन्हा गाडी काढायला लावली. सोबत रॉकेल आणि शेंदूर खरवडायला पत्रा घेतला. त्या लोकांपुढं उभं राहून सांगायचं होतं, की मी खोटं बोलले, माझ्या अंगात कुणी आलं नव्हतं, हा माणूस देव नव्हता.

दगडापाशी चाळीसेक माणसं होती. तिला पाहताच ती दोन्हीकडं सरकली. हात जोडले गेले. "माताजी आ गईं," कुणीतरी म्हणालं.

मध्ये एक बाई निजवली होती. तोंडावरून लुगड्याचा पदर ओढलेला. नवरा शेजारी बसला होता. तो रडत नव्हता.

"सुबह छह बजे से बैठे हैं," तो म्हणाला. "दस बजे तक साँस चली."

"अस्पताल काहे नहीं ले गए?" इंदिरानं विचारलं. "मैंने कहा तो था, अस्पताल ले जाओ."

"वो तो उस लड़की के लिए कहा था. इसके लिए हुकुम कहाँ मिला?" तो अगदी साधेपणानं म्हणाला. "बाबा आप ही के मुँह से बोलते हैं. हम आपकी राह देखते रहे."

जे सांगायला आली होती ते ओठांवर आलं. तिनं जमलेल्या माणसांकडं पाहिलं. त्यांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं असतं. मग पुढचा साप चावलेला माणूस इथंच, या दगडापुढं आणून निजवला असता आणि त्याला उठवून न्या म्हणणारं कुणी नसतं.

ती मेलेल्या बाईच्या पायांशी बसली. बाईला न्यायला बैलगाडी आली, माणसं पांगली, तरी उठली नाही.

विपुल जवळ आला. "चला आत्या. इथं बसून आता काय करून राहिल्या?"

"तू जा," इंदिरा म्हणाली. "कपडे आणि गुडघ्याच्या गोळ्या तेवढ्या पाठव. पावसाळा संपेपर्यंत मी इथंच राहते. कोणाला आणलं तर हुकूम द्यायला कोणीतरी पाहिजे."